ड्रायव्हरच्या बाजूचं दार

प्रिय ताई, म्हणजेच आमच्या माननीय ड्रायव्हरीणबाई,

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. दोन्ही दारांच्या खालच्या कडा, गंजून ज्यांची चाळण झाली होती त्या. दोन्ही पायऱ्या. चारही बिजागऱ्यांच्या पिना, लेथवर कातून. वायपरच्या दांड्या. दाराची काच ज्या पट्टीत वरखाली सरकते ती पट्टी. हॉर्नचं बटण, शिसवी लाकडाच्या तुकड्यातून. पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा ओठ, तो तर तीनदा, कारण पहिले दोन माझ्या मनाला आले नाहीत. आपल्या ट्रकचं हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कुठल्या शाळेत शिकलो नाही, कुणा उस्तादाच्या हाताखाली राबलो नाही, हे तुला माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण मला सांगायला आवडतं. विकत आणलं ते फक्त रबर आणि काच, आणि सगळ्यात जास्त छळ त्या दोघांनीच केला.

परवा तू फोनवर म्हणालीस, विकून मोकळा हो, त्या पैशात खांद्याचं ऑपरेशन करून घे, शेडवर नवे पत्रे घाल, ते धूड आता कुणाला हवंय. मी नुसतं बघू म्हणालो आणि विषय भाच्याच्या नोकरीवर नेला. ताई, मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा मध्येच बोलतो, आणि तू तर समोरच्याच्या आधी बोलतेस. म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात फोन उचलू नकोस. थोरलीला विकायचं की ठेवायचं, एवढा एकच प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर मला दारापासून सुरू करावं लागेल.

बाबा ट्रकला थोरली म्हणायचे ते तुला अजून टोचतं का? ट्रक आधी आला, तू नंतर जन्मलीस, म्हणून तू मधली आणि मी धाकटा. आई म्हणायची, या घरात पहिली मुलगी दुधाचा नाही, डिझेलचा वास घेऊन आली. तर त्या थोरलीला गिऱ्हाईक आलं. गावाबाहेर जुन्या गाड्यांचं मोठं दालन बांधलंय ते साहेब. आमच्या गल्लीत त्यांना सगळे दालनवाले म्हणतात. केबिनला नुसता तांबडा प्रायमर मारलेला होता तेव्हाच ते बघून गेले. म्हणाले, इंजिन चालो न चालो, मला दारं आणि पुढची काच नीट बसलेली हवीत, फटी सगळीकडे सारख्या हव्यात, तसं झालं तर मी उचलतो. फटी सारख्या हव्यात, हे मला सांगत होते. गल्लीतली पोरं मला तोंडावर काका आणि पाठीमागे मिलिमीटर म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तुला वाटेल, फटीत एवढं काय आहे. दार आणि केबिन यांच्यामधली फट चारही बाजूंनी सारखी असली की बघणाऱ्याला ती दिसतच नाही. बिघडली की मात्र नेमकं काय चुकलंय ते कळलं नाही तरी डोळ्याला टोचत राहतं, भिंतीवर तिरका लागलेल्या फोटोसारखं. मी पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली. ती दाराभोवती एका दमात, कुठेही न अडखळता आणि कुठेही सैल न पडता फिरली पाहिजे, असं ठरवलं. केबिन चासीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून, उतरवून लाकडी घोड्यांवर ठेवली होती. बिजागऱ्या सैल करायच्या, दार खांद्यावर उचलून धरायचं, एक बोल्ट आवळायचा, पट्टी फिरवायची, पुन्हा सैल करायचं. हाच माझा खांदा, हो, ज्याचं तू ऑपरेशन करायला निघालीस तोच. शेवटी पट्टी फिरली. मी शेडचं फाटक उघडून ठेवलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. समोरचे कंडक्टरकाका आले, चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, काय रे, यातून मुंगी तरी जाईल का? मी म्हणालो, जाईल, पण तिकीट काढून. ते तीन दिवस सगळ्यांना हे सांगत फिरले आणि मी तीन दिवस छाती काढून हिंडलो.

मग केबिन उचलून चासीवर बसवली. चार रबरी गाद्यांवर बसते ती. बोल्ट आवळले, दार लावायला गेलो तर वरचा कोपरा घासला आणि खाली माझं अख्खं बोट आत गेलं. केबिन जिथे बसणार तिथे बसवूनच दार जुळवायचं, हे कुठलाही पोरगा सांगेल. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. घरात ही म्हणाली, छाती आत गेली का आता? गाद्यांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या, एक काढ, एक घाल. क्लीनरच्या बाजूचं दार सरळ झालं. ड्रायव्हरच्या बाजूचं मात्र ऐकेना. ते मागच्या कडेला खाली लोंबायचं. नव्या पिना घातल्या, खालच्या बिजागरीमागे चकती दिली, वरची जरा वाकवली, आणि शेवटी तेही पट्टीत आणलं. दिसायला एकदम चोख. त्यावर रंग मारला. तोच आपला गर्द हिरवा. जुन्या रंगाचा पोपडा डबीत घालून रंगाच्या दुकानात नेला होता, दुकानदार कंटाळून म्हणाला, साहेब, हा हिरवा आणि तो हिरवा यात मला फरक दिसत नाही. मी म्हणालो, म्हणून तर तुम्ही दुकानात आहात आणि मी शेडमध्ये.

आता काच. थोरलीची पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये उभी पट्टी, तुला तर ती स्वप्नातही दिसत असेल. काचेला आधी भोवती रबर चढवायचं. रबराच्या खाचेत दोरी घालायची. चौकटीला साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढत जायचं, म्हणजे रबराचा ओठ चौकटीवर उलटत जातो. दोरी ओढायला ही बसली आत. क्लीनरच्या बाजूचा तुकडा लोण्यासारखा बसला. ड्रायव्हरच्या बाजूचा बसता बसता खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात कट असा आवाज आला. मी काचवाल्याकडे गेलो आणि त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं, दुसरी काच कापून दिली. ती त्याच कोपऱ्यात तडकली. पुन्हा गेलो. या वेळी त्यानं चहा सांगितला आणि म्हणाला, मालक, माझी काच वाईट असती तर कुठेही तडकली असती. एकाच कोपऱ्यात दोनदा तडकते म्हणजे तुमची चौकट तिला चावतेय. कर्ण मोजलेत का? मी मोजले नव्हते. मी, ताई. दाराभोवती केसाएवढा फरक मोजणाऱ्यानं चौकटीचे कर्ण मोजले नव्हते, कारण दार हे एक काम आणि काच हे दुसरं काम असं मी धरून चाललो होतो. घरी येऊन फीत लावली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर लांब. म्हणजे काच आणि दार या दोघांच्या मधे जो खांब असतो, ज्यावर दाराच्या बिजागऱ्या असतात, तोच वाकलेला होता. मी त्या वाकड्या खांबाला दार जुळवून घेतलं होतं. दारानं ते चालवून घेतलं. काच कशी चालवून घेईल?

खांब का वाकला, ते शोधायला दार परत उतरवलं. आधी वाटलं, कुठेतरी धडक बसली असेल. पण धडकेची सुरकुती असते, तशी कुठे नव्हती. वरच्या बिजागरीचं भोक बघितलं. ते गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं, आणि झिजलं होतं ते एकाच बाजूला. दार नुसतं उघडझाप करून असं झिजत नाही. उघड्या दारावर कुणीतरी वर्षानुवर्षं आपला भार टाकला की असं होतं. मग मी उतरवलेलं दार उजेडात उभं केलं आणि वरच्या कडेवर, आतल्या बाजूला, मी स्वतः मारलेला हिरवा रंग घासून काढला. खाली पत्रा गुळगुळीत होता. चार बोटांच्या रुंदीएवढा. इतर ठिकाणी कानशीचे, गंजाचे ओरखडे, आणि तिथे मात्र जुन्या नाण्यासारखा झिजून चकचकीत झालेला.

मी तिथे स्टुलावर बसलो. कारण मला तू दिसलीस. बाबांचा हात ट्रकच्या मागच्या फळक्याखाली सापडून निकामी झाला, त्यानंतर वीटभट्टीवर थोरली घेऊन तू जायला लागलीस तेव्हाची. पुढे जाताना सगळ्यांसारखीच चालवायचीस. पण मागे घ्यायची वेळ आली की दार उघडायचीस, एक पाय पायरीवर, एक क्लचवर, डावा हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं दाराची कड धरून अर्धी बाहेर लोंबायचीस. आरशावर तुझा विश्वास नव्हता आणि माणसांच्या येऊ दे, येऊ दे ओरडण्यावर त्याहून नव्हता. भट्टीचा मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला होता, दार लावून गाडी चालवायला बापानं शिकवलं नाही का? आणि तू बाहेर लोंबतच म्हणालीस, दार लावलं तर तुमचा पाय दिसत नाही मुकादम, मग चेचला तर माझ्या नावानं ओरडू नका. त्यानं पाय मागे घेतला. हे घरी येऊन तू नाही, बाबांनी सांगितलं होतं, आणि सांगताना ते इतके हसले की आईनं पाणी आणून दिलं. आपण त्या विटांवर जेवलो, मी त्याच विटांवर मोठा झालो. पुढे तुझं लग्न झालं. भाऊजी भले माणूस, त्यांनी कधी चालवू नको म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. फक्त त्यानंतर कुणी तुझ्यापुढे किल्ली धरली नाही, आणि तूही मागितली नाहीस. थोरली शेडमध्ये गेली आणि तू सासरी.

तर खांब सरळ करायचा म्हणजे सगळं उलटं करायचं. रंग खरवडायचा, दार उतरवायचं, चकत्या काढायच्या. ही म्हणाली, अहो, रबराखाली थोडं चिकट काहीतरी भरा आणि दाराला पुट्टी लावा, बघायला कोण जातंय? मी म्हणालो, मी जातो. केबिनच्या आत तिरका जॅक लावला, दुसऱ्या कोपऱ्यातून साखळी ताणली, खांबाच्या बुडाशी नुसती ऊब दिली. पत्रा ढकलला तिथे राहत नाही, थोडा माघारी येतो. म्हणून हवा त्याच्या जरा पुढे न्यावा लागतो, आणि किती पुढे ते कुठल्याही पुस्तकात नसतं. जॅकचा एक आटा फिरवून ढकलायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी सोडून फीत लावायची. एकदा जास्त गेला, परत आणला. खांदा ओरडत होता, त्याला ओरडू दिलं. ज्या दिवशी दोन्ही कर्ण सारखे आले त्या दिवशी मी कुणाला फाटक उघडून दाखवलं नाही. झिजलेलं भोक भरून पुन्हा गोल कातलं. आधी दाराला त्याचं स्वतःचं रबर लावलं आणि मगच दार जुळवलं, कारण नवं रबर दाराला बाहेर ढकलतं, हेही आता मला कळलंय. पट्टी फिरली. मग तिसरी काच. काचवाला स्वतः आला, म्हणाला, मला बघायचंच आहे. बाहेरून तो दाबत होता, मी थापट्या मारत होतो, आत ही दोरी ओढत होती आणि ओढता ओढता सांगत होती की लग्नात मी तिला शिलाई मशीन देतो म्हणालो होतो आणि दिली ही दोरी. काच बसली. कोपऱ्याकडे तिघंही बघत राहिलो. काही आवाज आला नाही. पाइप लावून पाण्याचा मारा केला, आत थेंब नाही. दार आता ओढून आपटावं लागत नाही. दोन बोटांनी ढकललं की एकच आवाज येतो, जाड पुस्तक मिटल्यासारखा.

रंग पुन्हा मारला, सगळीकडे. फक्त ती चार बोटांची जागा सोडली. तिच्यावर नुसती पारदर्शक लाख मारली, गंजू नये म्हणून. मी एखादी जागा रंगवायची सोडली, यावर कंडक्टरकाकांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं रंग संपला.

गेल्या आठवड्यात दालनवाले आले. माणूस वाईट नाही. बूट बाहेर काढून शेडमध्ये आला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. दाराभोवती बोट फिरवलं, काचेचे कोपरे बघितले, खाली वाकून गाद्या बघितल्या, आणि म्हणाले, माझ्याकडे एवढ्या गाड्या आहेत पण असं दार एकीलाही नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी फोनवर दालनाचे फोटो दाखवले. प्रत्येक गाडीत एकेक पुतळा बसवलाय. थोरलीत कोण बसणार तेही ठरलेलं होतं. झुपकेदार मिशा, डोक्यावर टोपी, खाकी शर्ट. म्हणाले, तुमच्या वडिलांसारखा दिसेल. मी म्हणालो, वडिलांनी सुरुवातीला चालवला, पण भट्टीची सगळी वर्षं हा ट्रक माझ्या ताईनं चालवला. ते गोड हसले. म्हणाले, अरे वा, मग एक बाईसुद्धा बसवू शेजारी, मांडीवर डबा देऊ, लोकांना असं घरगुती आवडतं. मी म्हणालो, शेजारी नाही, स्टिअरिंगवर. ते म्हणाले, अहो, लोकांना पटायला नको का? येणाऱ्याला ओळखीचं दिसलं पाहिजे. आणि ती दारावरची जागा तेवढी रंगवून टाका, तसंही दार उघडणार नाही कुणी, आम्ही कुलूप घालतो.

मी काही बोललो नाही. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय, त्यांनी आकडा वाढवला. मी दाराकडे बघत राहिलो. त्यांनी आणखी वाढवला. ही दारात चहा घेऊन उभी होती, आकडे ऐकत. मी कधी एवढा गप्प राहिलेलो नाही आणि गप्प राहण्याला एवढा भाव असतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, चहा घ्या. चहा झाल्यावर म्हणालो, गाडी द्यायची नाही. ते म्हणाले, विचार करा. मी म्हणालो, झाला. ते गेल्यावर हिनं कप विसळले. मग म्हणाली, शेडच्या पत्र्यांना मी प्लास्टिक बांधून देईन, पण ऑपरेशनचं काय ते तुमच्या ताईंना तुम्हीच सांगा.

तेच सांगतोय. ताई, थोरली कागदावर तुझ्या नावावर आहे. तू चालवायला लागलीस तेव्हाच बाबांनी ती करून दिली, आणि तुझ्या सहीशिवाय ती कुणी घेऊ शकत नाही. म्हणजे मी जी किंमत नाकारली ती माझी नव्हती, तुझी होती, आणि तुला न विचारता नाकारली. दालनवाल्यांनी नोंदणीवरून तुझा पत्ता काढलाय. त्यांचा माणूस कागद घेऊन तुझ्याकडे येईल, बहुतेक या पत्राच्या मागोमाग, आणि मी तुला ओळखतो. माझा खांदा आणि माझं छप्पर डोळ्यांसमोर आणून, तो बसायच्या आधी तू सही करून टाकशील. म्हणून हे पत्र घाईनं लिहिलं. सही करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच करू नकोस, खांद्याचं मी बघून घेईन. तुला स्वतःला पैसे हवे असतील तर गोष्ट वेगळी, मग गाडी तुझी आणि निर्णयही तुझा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण तो माणूस तुला आकडा कमी करून सांगेल, म्हणून खरा आकडा माझ्याकडून ऐकून ठेव. शेवटी ते साडेअठरा लाखांवर आले होते, रोख, त्याच दिवशी. मी नाही म्हणालो.

तुझाच,
धाकटा